कागद कशाला, इथंच हाय की

बालाजी गेल्याचं मला लातूरला कळलं. बँकेत ऐन गर्दीच्या वेळी त्याच्या बायकोचा, सुनीताचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच ती बोलली आणि फोन तिच्या भावानं घेतला. हार्ट अटॅक. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मी समोरच्या माणसाचं पासबुक भरून दिलं, शिक्का मारला आणि मग कुठे आपण काय ऐकलं ते डोक्यात शिरलं. जालन्याला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. काळ हे औषध आहे असं लोक म्हणतात. असेल. महिना उलटला, मला तरी अजून गुण आलेला नाही.

आम्ही दोघे अंबडचे, एका बाकावरचे. मी बँकेत चिकटलो. बालाजी एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. ती बरी चाललेली नोकरी सोडून त्याने नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला इंटरनेटचं दुकान टाकलं. तेव्हा मेलमध्ये मराठी लिहिलं की समोरच्याला नुसते चौकोन दिसायचे. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर बालाजीला मेलचा एक प्रोग्राम सापडला. फुकट, आणि आतून सगळा उघडा. कुणीही हात घालावा आणि आपल्याला हवा तसा करून घ्यावा. हट्टी माणसाला आणखी काय पाहिजे? जुन्या मशीनवर त्याने तो बसवला आणि त्यातला शब्दन् शब्द मराठी केला. 'आलेली पत्रं', 'धाडलेली पत्रं', 'अर्धवट'. कचऱ्याच्या डब्याला मात्र कचरा म्हणू दिलं नाही. "पत्राला कचरा म्हणतेत व्हय?" असं म्हणून तिथे 'बाजूला ठेवलेली' असं केलं. मी म्हटलं, "अरे, ह्यानं पोट भरतं का?" तर म्हणाला, "पोट भरायला तू हाईस की बँकेत." वर खो खो हसला.

गयाबाई मावशी त्या दुकानात यायच्या. बालवाडीच्या बाई म्हणून रिटायर झालेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद बंगलोरला नोकरीला होता. बालाजीने त्याला मराठी टाइप करायला शिकवलं होतं, त्यामुळे तो आईला लांबलचक लिहायचा. मावशी चष्मा पुसून कोपऱ्यातल्या मशीनवर बसायच्या आणि ओठ हलवत वाचायच्या. एकदा त्या माझ्यासमोर म्हणाल्या, "मला हे कागदावर दे रे बाबा. उशाला ठेवीन." प्रिंटर तिथेच होता. पण पत्र छापायचं म्हटलं की बालाजीला आपल्या कामाचा अपमान वाटायचा. "मावशी, कागद कशाला? कागद भिजतो, त्याला वाळवी लागती. इथंच हाय की! कवाबी या, बिलकुल जागच्या जागी सापडंल." मावशींनी मान डोलावली. त्याच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, आणि त्याचा स्वतःचा तर त्याहून जास्त.

मिलिंद रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानंतर मावशी रोज यायला लागल्या. बालाजी त्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. त्या आल्या की तो मिलिंदची पत्रं उघडून द्यायचा आणि स्वतः बाहेर टपरीवर जाऊन उभा राहायचा.

मग तो उन्हाळा आला. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिल सुरू झाल्या की आमच्याकडचे दिवे नाचायचे, हे जालन्यात कुणाला नवीन नाही. एका दुपारी वीज गेली आणि परतली ती अशा जोरात, की मशीनमधून धूर निघाला. बालाजी सगळ्या पत्रांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. पण ती दुसरी डिस्क त्याच मशीनच्या पोटात होती. दोन्ही जळाल्या. पत्रं परत निघतात का बघायला तो पुण्याला जाऊन आला, हैदराबादला जाऊन आला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं.

मावशींना सांगायला तो मला सोबत घेऊन गेला. उंबऱ्यातच उभा राहिला, आत पाऊल टाकेना. सगळं ऐकून मावशी म्हणाल्या, "असू दे बाबा. तू काय मुद्दाम केलं न्हाई." त्यांनी शिव्या दिल्या असत्या, त्याची गचांडी धरली असती तर तो वाचला असता, असं मला आजही वाटतं. त्या माफीनेच त्याला खाल्लं. हसणं गेलं, जेवण तुटलं. सुनीता सांगायची, "जळक्या डिस्का घेऊनच बसून राह्यलेत, भाऊजी. काई बोलंनातच."

पुढे मोठ्या कंपन्यांच्या मेलला मराठी कळायला लागलं आणि लोक तिकडे गेले. बालाजीने प्रोग्राम नव्या मशीनवर चालूच ठेवला, वापरणारा जवळपास मी एकटाच. लातूरला बदली झाल्यावर मी तिथून इंटरनेटवर त्याच्या मेलचं पान उघडायचो; पत्रं मात्र त्याच्याच मशीनवर राहायची. तो लिहायचा, अंबडचं, शाळेचं, आणि फिरून फिरून मिलिंदच्या पत्रांचं. "काहीतरी अजून आत असेल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या जळक्या डिस्कांत काही नाही हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

तो गेल्यावर घरमालकाला जागा हवी होती. सुनीताच्या भावाने दुकान रिकामं केलं. मशीन, डिस्का, सीड्यांचा ढीग, सगळं भंगारात. जालन्याचं भंगार शेवटी त्याच लोखंडवाल्यांच्या भट्टीत जातं, ते सांगायला नको. कुणाला काय बोलणार? सुनीता तेव्हा शुद्धीवर तरी कुठे होती!

परवा मी गयाबाई मावशींकडे गेलो. त्या आता खूप थकल्यात. बालाजीचं ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग आपणहून म्हणाल्या, "त्याला कधी बोलले न्हाई मी. मिलिंदचं एकबी पत्र मला आठवत न्हाई रे. मशीनमधी हाय म्हणून ध्यानात ठेवलंच न्हाई. रोज वाचायचे अन् तिथंच ठेवून यायचे." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुला लिहायचा म्हणं तो. काय लिहायचा? एखादं सांग की."

मी आठवायला लागलो. अंबडचं काहीतरी... शाळेचं काहीतरी... त्याचं ते ठरलेलं वाक्य सोडलं तर एक ओळ धड येईना. सगळं त्याच्या त्या पानावरच होतं. मी एकही उतरवून घेतलेलं नव्हतं.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग खाटेवर जरा सरकल्या आणि माझ्यासाठी जागा केली.

"मंग तुझंबी माझ्यासारखंच झालं की रे बाबा," त्या म्हणाल्या.