ते वाक्य न्यायाधीशांचं नव्हतं

प्राची मॅडमच्या नजरेत शीला उबाळे पहिल्यांदा आली ती तिच्या बोटांमुळे. बदलापूरच्या लॉ कॉलेजात सकाळी सव्वासातचा वर्ग होता. मॅडम सांगत होत्या आणि पस्तीस मुलं वहीत उतरवून घेत होती. तिसऱ्या बाकावर मात्र चव्वेचाळीस वर्षांची एक बाई वही मिटून बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं बाकाच्या लाकडावर झरझर आपटत होती. मॅडम थांबल्या की बोटं थांबत, मॅडम बोलू लागल्या की पुन्हा सुरू.

"ताई, काय चाललंय हे?"

शीलाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं. "टाइप करत होते बहुतेक, मॅडम. अठरा वर्षं कोर्टासमोर टायपिंग करते. कानावर पडलं की हात चालतात."

वर्ग हसला. शीला हसली नाही आणि ओशाळलीही नाही. तिने वही उघडली आणि तारीख घातली.

ती अंबरनाथच्या बुवापाड्यात राहते. नवरा राजरत्न एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहे, मुलगी उन्नती नर्सिंग करते. शीलाने बी.ए. केलं तेही मुक्त विद्यापीठातून, मुलगी सातवीत असताना. लॉला नाव घातलं तेव्हा जयंतीच्या बैठकीत एका भाऊबंदाने विचारलं, "वहिनी, डोक्यावर पांढरे केस आणि अंगावर काळा कोट, कसं दिसणार?" शीला म्हणाली, "तुम्ही कोर्टात या, म्हणजे दिसेल. तुमची केस आहेच की." त्याची केस खरंच होती.

साडेदहापासून संध्याकाळपर्यंत ती उल्हासनगरला कोर्टासमोर खेमानी वकिलांच्या ऑफिसच्या ओट्यावर बसते. खेमानी अडुसष्ट वर्षांचे, सिंधी, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी, स्वभावाने मायाळू आणि कामात घाईचे. त्यांनीच तिला तिथे टेबल दिलं. त्या ओट्यावर कामाची एक रीत आहे, आणि ती एकट्या खेमानींची नाही, रस्त्यावरच्या सगळ्या टायपिस्टांची आहे. प्रत्येक प्रकारच्या अर्जाचा एक फॉरमॅट असतो. कुणीतरी कधीकाळी चांगला अर्ज केलेला, तोच पुढे चालतो. नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, चतुःसीमा बदलायच्या. बाकी मजकुराला हात लावायचा नाही, कारण तो "चाललेला" असतो.

शीला इंग्रजी मिनिटाला साठ शब्दांनी टाइप करते, चूक शोधून सापडत नाही. पण टाइप करताना ती वाचत नसे. अक्षरं डोळ्यांतून थेट बोटांत जात, मधे कुठे टेकत नसत. हे तिला स्वतःला कळलं ते कॉलेजातल्या पहिल्या गृहपाठाने.

गृहपाठ साधा होता. कुठलाही एक निकाल घ्यायचा आणि एका पानात लिहायचं: झालं काय, प्रश्न कोणता, कोर्टाने काय ठरवलं आणि का. मुलांनी मोबाइलवरून निकाल शोधले. शीलाने शोधलाच नाही. मनाई हुकुमाच्या फॉरमॅटमधल्या सहाव्या परिच्छेदात एका जुन्या निकालातलं वाक्य होतं: वीजबिलावर नाव असलं की त्या माणसाचा ताबा सिद्ध झाला असं धरावं. ते तिला पाठ होतं, तेच तिने "कोर्टाने ठरवलं" या मथळ्याखाली लिहिलं.

कागद परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे कोण बोलतंय?'

"कोण म्हणजे?" शीला वर्गानंतर थांबून म्हणाली. तिला राग आला होता. "कोर्ट बोलतंय, मॅडम. हे वाक्य मी अठरा वर्षं टाइप करतेय."

"टाइप करताय. वाचलंय कधी?" प्राची मॅडम तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण आवाज न चढवता बोलायची हातोटी होती. "शीलाताई, निकालात बरीच माणसं बोलतात. आधी वादी काय म्हणतो ते येतं, मग त्याचा वकील, मग समोरचा वकील. न्यायाधीश सगळ्यांत शेवटी बोलतात. पूर्ण वाचा आणि प्रत्येक परिच्छेदापुढे लिहा, हा माणूस कोण."

शनिवारी दुपारी शीलाने खेमानींच्या लोखंडी कपाटातून लाल बांधणीचा जाडजूड ग्रंथ काढला. निकाल चौतीस पानांचा. शेजारी शब्दकोश, हातात पेन्सिल. तिचं वाक्य बाविसाव्या पानावर सापडलं. त्याआधी चार शब्द होते, जे फॉरमॅटमध्ये कधी आलेच नव्हते: विद्वान वकिलांचं म्हणणं असं. पंचविसाव्या पानावर न्यायाधीशांनी लिहिलं होतं की हे म्हणणं आम्हाला मान्य नाही, नुसतं वीजबिल पुरेसं नाही.

म्हणजे ते वाक्य हरलेल्या वकिलाचं होतं.

शहाडचे धोंडिबामामा तिला आठवले. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा अर्ज तिनेच टाइप केला होता, तो फेटाळला गेला आणि मामांची खोली गेली. या वाक्यामुळेच गेली का, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. पण ते वाक्य त्या अर्जात होतं आणि ते तिच्या हाताने गेलं होतं.

सोमवारी इंदुबाई ओट्यावर आल्या. बुवापाड्यातच शीलाच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं एका खोलीत राहणारी म्हातारी. नवरा वारलेला. भाडं तोंडी ठरलेलं, मालकाने पावती कधी दिली नाही. आता मालकाच्या मुलाला जागा हवी होती. शुक्रवारी येऊन नवं कुलूप ठोकतो, असं तो सांगून गेला होता.

"पोरी, मी जायचं कुठं?" इंदुबाई म्हणाल्या. "भांडीकुंडी रस्त्यावर मांडू का?"

खेमानींनी वीजबिल पाहिलं, ते इंदुबाईंच्या नवऱ्याच्या नावाचं होतं. "हो जायेगा, मावशी. शीला, मनाई का फॉरमॅट काढ. चार वाजेपर्यंत दे, उद्या दाखल करू."

शीलाने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. "साहेब, सहावा परिच्छेद मी टाइप करणार नाही."

"क्यूं? फॉन्ट नहीं आता?"

"वाक्य उलटं आहे. तो निकाल आपल्या विरुद्ध आहे."

खेमानी हसले. "अरे बेटा, बीस साल से चल रहा है. आजतक कोई खोलके देखा क्या? न समोरच्याने, न कुणी."

"मी पाहिलं."

"चार महिने कॉलेज गयी और मला वकिली शिकवते?" आता ते हसत नव्हते. ओट्यावर तीन पक्षकार बसले होते, शेजारचा टायपिस्ट समीर कान देऊन ऐकत होता. "काम नाही करायचं तर तसं सांग. हे टेबल मी समीरच्या भावाला देतो."

"द्या," शीला म्हणाली. "पण हे वाक्य माझ्या हातून जाणार नाही. आणि त्याच्या हातून जाऊ द्यायच्या आधी एकदा ऐका."

तिने ग्रंथ आणला आणि सगळ्यांदेखत बावीस ते पंचवीस ही पानं मोठ्याने वाचली. उच्चार चुकत होते. एकदा समीर फिसकन हसला, तिने तेवढी ओळ पुन्हा वाचली, सावकाश. न्यायाधीश बोलायला लागले तिथे ती थांबली आणि म्हणाली, "इथून कोर्ट."

खेमानींनी चष्मा लावला, ग्रंथ स्वतःकडे ओढला आणि पंचविसावं पान दोनदा वाचलं. मग इंदुबाईंना म्हणाले, "मावशी, चहा घेणार?" त्यांच्या तोंडून माफी याच रूपात येते.

"तो फिर लिखेगी क्या?" त्यांनी शीलाला विचारलं. "वाक्य काढलं तर उरलं काय?"

"उद्याचा दिवस द्या."

तो दिवस तिने दोन कामांना दिला. आधी इंदुबाईंची पत्र्याची पेटी उपसली. त्यात नवऱ्याचं कामगार विम्याचं कार्ड निघालं, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, गॅसचं पुस्तक निघालं, आणि त्या मुलीच्या अठ्ठ्याण्णव सालच्या लग्नाची पत्रिका, जिच्यावर निमंत्रकाच्या नावाखाली याच खोलीचा पत्ता छापला होता. शेजारच्या दोघी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाल्या. मग तिने असा निकाल शोधला, ज्यात न्यायाधीश स्वतः म्हणतात की वर्षानुवर्षं राहणाऱ्याला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही. तो पूर्ण वाचला आणि नंतरच्या कुठल्या निकालाने तो मोडला नाही ना, तेही पाहिलं.

बुधवारी सकाळी तिने नऊ पानांचा अर्ज खेमानींपुढे ठेवला. खेमानी लाल पेन घेऊन बसले.

"'या निराधार विधवेच्या डोळ्यांतील अश्रू.' ये क्या है? अर्जदार कोण, तू का इंदुबाई? रडणं काट." पान उलटलं. "'मालकाची माजोरी वृत्ती.' काट. ती कुलुपातून दिसते." अर्ज साडेतीन पानांचा उरला. आधी तारखा, मग कागद, मग तो एक निकाल, पानाच्या आकड्यासह. शीलाने दोन ठिकाणी वाद घातला. एका ठिकाणी ती हरली. दुसऱ्या ठिकाणी तिने लग्नपत्रिका अर्जात ठेवलीच.

दुपारी अर्ज दाखल झाला, तातडीची सुनावणी गुरुवारी लागली. मालकाचे वकील कैलास म्हात्रे उठले, हातात लाल ग्रंथ. अर्ज नेहमीच्याच फॉरमॅटचा असणार असं धरून, खूण घातलेलं पान उघडून त्यांनी सुरुवात केली की अर्जदारांनी ज्या निकालाचा आधार घेतला आहे, त्यातलं ते वाक्य मुळात वकिलाचं आहे. कुणी ना कुणी तो ग्रंथ अखेर उघडला होता.

न्यायाधीशांनी अर्ज चाळला. "हा निकाल अर्जात कुठे आहे, म्हात्रे?"

म्हात्र्यांनी सहावा परिच्छेद शोधला. तिथे लग्नपत्रिका होती.

मागच्या बाकावर इंदुबाईंनी शीलाचं कोपर धरलं. "काय झालं गं? जिंकलो का?"

"अजून नाही. शांत बसा, कोर्ट बोलतंय."

पुढच्या तारखेपर्यंत इंदुबाईंच्या ताब्याला हात लावू नये, असा हुकूम झाला. शुक्रवारी मालकाचा मुलगा कुलूप घेऊन आला. इंदुबाईंनी हुकुमाची प्रत दारातच त्याच्यापुढे धरली, तो वाचून परत गेला. पुढे सुनावणी पूर्ण झाली आणि तोच हुकूम दाव्याच्या निकालापर्यंत कायम झाला. दावा अजून चालू आहे.

खेमानींनी फॉरमॅटमधला सहावा परिच्छेद स्वतः खोडला. रस्त्यावरच्या इतर ओट्यांवर तो अजून चालतो. शीला जाऊन सांगते, काही ऐकतात, काही म्हणतात, "ताई, आधी पास व्हा."

शीला आता तिसऱ्या वर्षाला आहे. करार कायद्याचा पेपर दोनदा राहिला आहे. येत्या नोव्हेंबरात ती तो तिसऱ्यांदा देणार आहे, फॉर्म भरून झाला आहे.