इथपर्यंत माझा हात

"मला जमत नाही असं नाही हो, तुम्हाला बघवत नाही," असं ती एकदा म्हणाली होती. रागावून नव्हे. हातातल्या सुयांवरची नजरसुद्धा तिने वर केली नव्हती.

ती डावखुरी. लहानपणी आईने तिचा डावा हात फडक्याने कमरेला बांधून पाहिला. शाळेत त्याच हातावर पट्टी बसली. थोरल्या बहिणीने काहीच मारझोड केली नाही, फक्त प्रत्येक वेळी म्हणाली, "दे इकडे." दोन शब्द. पेन्सिल दे इकडे, सुईदोरा दे इकडे, वेणी तू नको घालूस, दे इकडे. लग्न झालं. नवरा चांगला माणूस. ती कांदा चिरायला बसली की त्याचा जीव वरखाली. "बोट कापून घेशील, दे इकडे." तिने जन्मात बोट कापून घेतलं नव्हतं. त्याने दोनदा घेतलं.

यातलं कुणी दुष्ट नव्हतं, आणि संताप येतो तो त्याचाच. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मायेने हातातली वस्तू काढून घेणाऱ्याला काय म्हणायचं? थँक्यू म्हणायचं. ती आयुष्यभर तेच म्हणत आली.

पुढे औषधाच्या कारखान्यात लागली. बाटल्यांना झाकणं लावायच्या सरकत्या पट्ट्याची डावी बाजू कुणाला नको असायची, तिथे उजवा हात आडवा पडायचा. तिथे हिला उभं केलं आणि निवृत्त होईपर्यंत हलवलं नाही. तिथेच तिचं नाव डावरी पडलं. या नावाबद्दल तिची तक्रार नव्हती. तिच्या डाव्या हाताचं कुणाला काही काम पडलं होतं ते तेवढंच. पण बाटली दुसऱ्याची, औषध दुसऱ्याचं, हिने नुसतं झाकण दाबायचं. झाकण बसलं की बाटली पुढे. घरी बसल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत आपल्या हाताने केलेली एक वस्तू. चांगलीच हवी असं नाही. आपली हवी.

म्हणून ती आमच्या लोकरकामाच्या वर्गात आली. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर शिकवणाऱ्या बाईंची खोली होती. खालून गरम कपड्यांचा वास वर यायचा. बाई एका वेळी सहाच जण घेत. "प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष देता आलं पाहिजे," असं त्या सांगत, आणि लक्ष देत, यात खोटं काही नाही.

सुरुवात नमद्याने झाली. लोकर पसरायची, साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि धागे एकमेकांत घट्ट रुतेपर्यंत चोळत राहायचं; लोकरीचं जाड कापड होतं, तोच नमदा. चोळायला दोन्ही हात लागतात. डावरीने एक राखाडी चौकोन केला, कडा पार वाकड्या.

"मावशी, हा कुठल्या देशाचा नकाशा?" कॅशियर म्हणाला. हा बँकेतून निवृत्त झालेला, आमच्यातला एकुलता एक पुरुष.

"व्हिसा लागतो," ती म्हणाली.

मग लहान माग आला. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडे येतो. तिथेही तिच्या हातातून कुणी काही घेतलं नाही. ते दोन महिने ती आम्हा सगळ्यांच्या आधी वर येऊन बसायची.

सुयांवरचं विणकाम सुरू झालं आणि जुनंच सुरू झालं. आम्ही पाच जण बाईंच्या दोन्ही बाजूंना बसायचो. डावरी समोर. समोर बसून पाहिलं की आरशात दिसावं तसं दिसतं, बाईंचा उजवा हात करतो ते तिचा डावा हात करायचा. हे तिचं तिने शोधलं होतं. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्या ताडकन उठल्या.

"अहो, तुमचं सगळं भलत्याच बाजूने चाललंय. द्या इकडे."

तेव्हा ती ते सुरुवातीला सांगितलेलं वाक्य म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "चुकलं तर मी उसवीन. परत करीन. पण तुम्ही हात लावायचा नाही. लावणार नाही ना?"

"बरं बाई, नाही लावत," बाई हसत म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ती बिनबाह्यांचा स्वेटर करत होती. कुणासाठी, असं बहिणीने विचारलं. "मला," ती म्हणाली. बहीण हसली, जणू स्वतःच्या अंगात घालायची वस्तू स्वतःच करणं हा चावटपणा आहे. टाके घट्ट पडायचे. एवढी वर्षं झाकणं दाबलेला हात, सैल कसा पडेल? एक मुंढा दुसऱ्यापेक्षा खाली आला. छातीवर एक टाका सुटून खाली पळाला होता, तो तिने पकडून गाठ मारून ठेवला, ती गाठ मण्यासारखी वर दिसायची. पण पुढचा भाग पुरा झाला. शेवटची ओळ बंद करून तिने तो मांडीवर पसरला आणि आम्हाला कुणालाही दाखवला नाही.

प्रदर्शनाआधी सगळ्यांचे नग बाईंकडे राहिले. ओले करून, ताणून, टाचण्या लावून वाळवायचे असतात, नाहीतर आकार धरत नाहीत. घात तिथे झाला.

प्रदर्शनाच्या दिवशी खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. नव्या वर्गासाठी नाव द्यायला आलेल्या बायका होत्या, आमची घरची माणसं होती. भिंतीला लावलेल्या फळीवर डावरीच्या स्वेटरचा पुढचा भाग टाचलेला होता. दोन्ही मुंढे सारखे. गाठ नाहीशी.

"अगं, हे तू केलंस?" बहिणीला भरून आलं होतं. "खरंच तू?"

डावरी फळीजवळ गेली. खालून वर बोट फिरवत गेली आणि छातीच्या जरा खाली थांबली. तिथून खाली टाके आवळलेले होते, तिथून वर मोकळे, एकसारखे, शिकलेल्या हाताचे.

"इथपर्यंत मी आहे," ती म्हणाली. "इथून पुढे कोण?"

बाई पाहुण्यांना सोडून आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "थोडंसं नीट केलं हो मावशी. तुमचीच लोकर, तुमचाच नमुना. चार लोक बघणार, तुम्हालाच कमीपणा नको."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"अहो पण किती बसले मी त्याच्यामागे! माझं दुसरं काम ठेवून."

"बघ ना," बहीण म्हणाली. "एवढं केलंय तुझ्यासाठी. दोन शब्द चांगले बोल की."

हे वाक्य अजूनही माझ्या डोक्यात जातं. हिचं काम उसवलं, हिला न विचारता उसवलं, आणि आता आभारही हिनेच मानायचे. भोवतालच्या बायका कौतुकाने माना डोलावत होत्या. त्या छान म्हणत होत्या ते बाईंच्या टाक्यांना, आणि म्हणत होत्या हिच्या तोंडावर. चोरी झाली तर माणूस ओरडतो तरी. इथे चोराने जाताना घर झाडून ठेवलं होतं, मग ओरडायचं कसं?

डावरीने टाचण्या काढायला सुरुवात केली. एकेक टाचणी बाईंच्या डबीत टाकली. स्वेटर टेबलावर घेतला आणि वरच्या कडेला बाईंनी आत दडवलेलं लोकरीचं टोक नखाने शोधू लागली. ते निघेना. कॅशियरने खिशातली छोटी कात्री तिच्यापुढे सरकवली.

"काका, तुम्हीसुद्धा?" बाई म्हणाल्या.

"त्यांचंच आहे," कॅशियर म्हणाला.

टोक सुटलं. तिने ओढलं. एकेक ओळ तोंड फिरवत नाहीशी होऊ लागली, वळ्या पडलेली लोकर टेबलावर साठू लागली. "अगं लोक बघतायत," बहीण म्हणाली. "मावशी, पाहुणे आहेत, निदान आज नको," बाई म्हणाल्या. खरोखरच सगळे बघत होते. गळा गेला. दोन्ही सारखे मुंढे गेले. ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. मोकळे टाके संपले, तिचा पहिला आवळलेला टाका आला, तिथे तिचा हात थांबला. डाव्या हाताने सुई घेऊन तिने ते सगळे टाके परत सुईवर चढवले, एकही सुटू दिला नाही.

मग बहिणीने हात पुढे केला. "दे, मी गुंडाळते ती लोकर," ती म्हणाली, आणि या खेपेला तिचा आवाज लहान होता.

डावरीने लोकर स्वतःच गुंडाळली, सुईसकट सगळं पिशवीत घातलं, आणि बायकांच्या मधून वाट काढत जिना उतरून गेली.