तिसऱ्या पावलाला हाक आली नाही

आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. थोरली लेक सातवी पास झाली आणि मी घरात सांगून टाकलं, हिला सोलापूरला बोर्डिंगात ठेवणार. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि वैरागच्या आसपास तेव्हा मुलीला कुणी असं पाठवत नसे. भावकीनं नाकं मुरडली, बायको दोन दिवस बोलली नाही. पण माझं ठरलं होतं, आणि त्याला कारण होतं.

मला चौथीत मास्तरांनी दोनदा नापास करून बसवलं होतं. दोन्ही वेळा गणितात मी वर्गात पहिला. पण शुद्धलेखन कच्चं, शिवाय मी उलट बोलायचो. दुसऱ्यांदा बसवल्यावर वडिलांनी पाटी काढून घेतली आणि मेंढरांमागं लावलं. पुढं मी बैलांचा व्यापारी झालो, आठ माणसांचं घर पोसलं, बाजारात माझ्या शब्दाला वजन आलं. तरी ते मास्तर वाटेत दिसले की माझी कानशिलं तापायची. मास्तर वारले, माझा राग काही वारला नाही.

शाळा कशी निवडायची हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून बैल निवडतो तशी निवडली. बैल विकणारा जनावर धुऊन, शिंगांना तेल लावून उभं करतो. ते बघायचं नसतं. जनावर चारा कसं खातं हे बघायचं. पोरीला घेऊन मी सोलापुरातली तीन बोर्डिंगं फिरलो, तीही न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी. पहिल्या ठिकाणी आमटीतून वाटीचा तळ दिसत होता. दुसरीकडं आमटी दाट होती, पण पोरी इतक्या गप्प जेवत होत्या की माझ्या वहाणांचा आवाज मलाच मोठा वाटला. तिसरीकडं पोरी शेंगाचटणीवरून भांडत होत्या. एक जण वाढणाऱ्या बाईला म्हणत होती, “मावशी, तिला दोनदा वाढली की! आमी काय पाप केलंय?” आणि मावशी पळी उगारून हसत होती.

मी मनात म्हटलं, हेच.

ऑफिसात मोठ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी पोरीचा दाखला बघितला आणि इंग्रजीचे दोन प्रश्न विचारले. पोरीला दोन्ही आले नाहीत. गावच्या शाळेत वर्षभर इंग्रजीला मास्तरच नव्हता.

“मुलगी हुशार दिसते,” बाई म्हणाल्या. “जागाही एक शिल्लक आहे. पण तिला पुन्हा सातवीत बसावं लागेल.”

पुन्हा बसावं लागेल! माझं डोकंच फिरलं. पण मी पडलो व्यापारी. जे आवडलं त्याचीच खोड काढायची, ही आमच्या बाजाराची रीत. बैल नजरेत भरला की म्हणायचं, खूर वाकडे, शेपूट आखूड, चाल मंद. विकणाराही ते मनावर घेत नाही. मग उठून चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येतेच.

“बाई,” मी म्हटलं, “तुमच्या बोर्डिंगात उजेड न्हाय. भितीला पोपडे आल्यात. हौदाला शेवाळ हाय. आन पोरी जेवताना बाजार भरल्यागत वरडत्यात. आठवीत बसवून घेत असाल तर बोला. सातवीसाठी कोण ठेवतंय हितं?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग नका ठेवू,” त्या म्हणाल्या. “या तुम्ही.”

मी उठलो. एक पाऊल, दोन पावलं, तीन. हाक नाही. व्हरांडा संपला, पटांगण संपलं, फाटक आलं. मागं बघितलं तर पोरगीही आली नव्हती.

फाटकापाशी कडुनिंबाखाली मी उभा राहिलो. आत जायचं तर नाक घासावं लागणार. न जावं, तर तिन्हीतलं एकच पसंत पडलेलं बोर्डिंग मीच हातानं घालवलेलं. मी चौथीच्या मास्तरांना शिव्या घातल्या. त्यांचा इथं काही संबंध नव्हता, पण बरं वाटलं. शेवटी नाक घासायला म्हणून वळलो, तेवढ्यात शिपाई आला. “पाव्हणं, बाईंनी बोलावलंय.”

आत पोर टेबलापाशी बाईंनी घातलेली गणितं वहीत सोडवत होती आणि बाई हसू दाबत होत्या.

“ही सांगते, तुम्ही आवडलेल्या वस्तूलाच नावं ठेवता.”

“व्हय की,” पोर म्हणाली. “आमच्या पांढऱ्या बैलात आप्पांनी अकरा खोडी काढल्या हुत्या. आन आता त्याला सोताच्या हातानं पेंड चारत्यात.”

“म्हणजे बैलात आणि माझ्या बोर्डिंगात तुम्हाला काही फरक वाटत नाही!”

“वाटतो की, बाई. बैलाचे दात बघतो. तुमचे कुटं बघितले?”

“आप्पा!” पोर ओरडली. बाई मात्र खळखळून हसल्या.

मग मी सरळ बोललो. बाजारात असं कधी बोललो नव्हतो. “बाई, बोर्डिंग लई आवडलं. पर मला चौथीत दोनदा बसवलं आन तितंच माजी शाळा सपली. हिचं तसं करू नका.”

बाईंनी वही ओढून गणितं तपासली. “इंग्रजी सोडलं तर ही आठवीचीच आहे. पण इंग्रजीचं काय?”

“आमी नवा बैल चार दिस औताला जुपून बघतो. वढला तर ठेवायचा, न्हायतर माघारी. हिला दिवाळीपातुर आठवीत जुपा.”

“आणि सहामाहीला नापास झाली तर?”

“तर सातवीत बसवा. मी एक शबुद बोलणार न्हाय.”

“तुम्ही? एक शब्द?” असं म्हणत बाईंनी नोंदवहीत ‘आठवी’ लिहिलं.

दिवाळीला पोर घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं. इंग्रजीत काठावर पास. गणितात वर्गात दुसरी. पहिली का नाही, यावरून बाईंशी भांडायची मला फार इच्छा झाली, पण एक शब्द न बोलण्याचं कबूल करून बसलो होतो.

बायकोनं विचारलं, “बोर्डिंग कसं हाय गं?”

“कसलं आलंय! उजेड न्हाय. घंटा कानाशी वाजती. चटणी पुरत न्हाय. शेजारची पोरगी घोरती.”

“मग ऱ्हा हितंच,” बायको घाबरून म्हणाली. “नको जाऊ माघारी.”

मी गोठ्याच्या दारात पेंड भिजवत बसलो होतो. तिथूनच म्हटलं, “चार खोडी काढल्या तिनं. आता तिला हितं ठेवून दाव बघू.”