शेवंताच्या डोक्स्यावरचं आवाळू

सकाळची मेथी संध्याकाळी मरगळते. पण आमच्या भाजीबाजाराच्या ओळीतल्या गोष्टी काही मरगळत नाईत. एक उचलाले जावं त तिच्या बुडाशी अजून चार निघतात. त्यातल्या ह्या शेवंताच्या आवाळूच्या.

शेवंता अमरावतीच्या बाजारात माह्या बाजूले वांगे घेऊन बसते. डोक्स्याच्या बरोबर मधात तिले आवाळू. बोराएवढं होतं तवा कोणी पाह्यलं नाई, मंग लिंबाएवढं झालं. चुंबळ अशी वळे का आवाळू मधातल्या भोकात बसलं पाहिजे, मंग वर टोपलं.

एका गिऱ्हाईक बाईनं इचारलं, "मावशी, डोक्यावर हे काय?"

शेवंताच्या आधी मीच बोलली, "टोपलं सरकू नाई म्हणून बसवून घेतलं."

बाईनं मान डोलावली. "कुठे बसवून देतात?"

*

मोर्शीची देवका आमच्या समोर संत्रे इकते. तिनं मानेवरची चामखीळ घोडीच्या केसानं बांधून पाडली होती. म्हणे शेवंतालेही तेच करू. केस आणाले मले धाडलं. चौकात वरात थांबली होती. मी शेपटीचा एक केस ओढला, घोडी बिचकली, नवरदेव तिच्या मानेले बिलगला.

केस आणला, पण बांधाचा कुठी? देवकानं चारी बाजूनं बोट फिरवून पाह्यलं.

"याले देठच नाई वो," म्हणे. "जाय, वापस देऊन ये नवरदेवाले."

*

देवकाच्या भावाले पाठीवर चरबीची गाठ. कापून घ्याले अकोल्याहून आला, नवी बनियन घालून. बाजारामागच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीन बाईनं दाबून पाह्यली. "दुखत नाही, वाढत नाही. राहू द्या. वाढली तर या."

भाऊ उठेच ना. "इतक्या दुरून आलो बाई, काही त कापा."

*

शेवंतालेही त्याच डॉक्टरीननं सांगतलं, "तुमची मात्र काढू." शेवंतानं टेबल पाह्यला अन् पळून आली. घरी सुईनं टोचून पिळलं. सारा माल निघाला, डोक्सं सपाट. बाजारभर पदर काढून दाखवत फिरली.

मंग ते पुन्हा भरलं. लाल झालं, पिकलं. टोपलं ठेवता येईना. धंदा बसला. घरी सून एकली, वांगे झाडाले पिवळे पडून राहिले.

डॉक्टरीन रागावली. "आत पिशवी असते. ती राहिली की परत भरणारच. आधी गोळ्या घ्या, सूज उतरू द्या, मग पिशवीसकट काढू."

"म्हंजे पोतंच उचला लागते," शेवंता म्हणे. समजलं सारं. पण सूज उतरल्यावर गेली, त चपला तठीच टाकून पुन्हा पळाली.

*

कापाच्या तिसऱ्या खेपेले मी हात धरूनच नेली. पालथी निजवली, तोंड माह्याकडं. सुई टोचली तवा माह्या आईचंही नाव काढलं तिनं. डॉक्टरीन म्हणे, "आता बधिर होईल. आजी, यांना बोलण्यात ठेवा."

डोक्स्यामागं काम सुरू झालं.

"मैने, कापून राहिली का वो ते?"

"कायचं कापते. सुई देऊन चहा प्याले गेली."

नर्सनं मास्कवर हात दाबला.

शेवंताचं अंग सैल पडलं. "आजकालच्या पोट्ट्या. चहाबिगर चालत नाई." मंग सुनेच्या भाजीत मीठ कसं नसते ते सांगत बसली. मधातच थांबली. "काय वाजून राहिलं?"

"कपबशी."

टाके पडले, पट्टी झाली.

"घोटभर चहाले इतका येळ?" म्हणत शेवंता उठून बसली. डॉक्टरीन समोर आली. हातात वाटी, वाटीत पांढरं, गोल, अख्खं निघालेलं.

शेवंतानं वाटीत पाह्यलं. चपला पायात घातल्या.

"झाला का चहा? आता राहू द्या बाई, मी नाई कापून घेत. अन् तो रसगुल्ला तुमीच खा."