वारा पडलेलं जहाज

सौदीतल्या अबकैकच्या कामगार-कॅम्पात माझ्या शेजारच्या खोलीत देवगडकडचा एक सुतार राहायचा. सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांतून त्याने हातभर लांबीचं शिडाचं जहाज केलं होतं, जुन्या मासिकातलं चित्र बघून. चित्रातलं जहाज कुणालाच ठाऊक नसलेले किनारे शोधायला कुठल्याशा आरमाराने धाडलेलं, तीन डोलकाठ्यांचं. याची शिडं मात्र सुताराच्या फाटक्या लुंगीची, निळ्या चौकड्यांची.

बोलायचा कमी. सुट्टीवर कधी निघणार विचारलं की जहाजाची दोरी ताणत म्हणायचा, "वारा पडलाय." म्हणजे कफीलने, आमच्या सौदी मालकाने, पासपोर्ट अजून हातात दिलेला नाही, हे आम्ही समजून घ्यायचो. शुक्रवारी सगळे बाजारात जात. हा शिडांवरची धूळ पुसत बसे.

एकदा मी म्हटलं, "या जहाजांवरच्या खलाशांना आपण कुठे चाललोय तेही माहीत नसायचं."

"आपल्याला माहीत होतं," तो म्हणाला. "काय फरक पडला?"

एका दुपारी वाळूचं वादळ उठलं. आम्ही दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होतो, आणि हा जहाज घेऊन बाहेर गेला. खिडकीतून पाहिलं, तर वाळूत गुडघे टेकून त्याने ते दोन्ही हातांनी वाऱ्यात धरलं होतं. शिडं टम्म फुगली होती. डोलकाठ्या वाकत होत्या.

मी दार किलकिलं करून ओरडलो, "अहो, आत या. डोळे जातील."

त्याने मान वळवली नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. "आत्ताच निघालंय."