दुर्गाबाईंच्या मोरीतला धोंडा

दुर्गाबाई मढवींच्या मोरीत, कपडे धुवायच्या धोंड्याखाली सोनं पुरलेलं आहे, ही बातमी शहाऐंशी साली नेरूळच्या त्या बिल्डिंगीत चारही मजले हिंडून शेवटी दुर्गाबाईंच्याच दाराशी येऊन थांबली होती. तर आधी ते सोनं निकालात काढू. दुर्गाबाईंचं होतं नव्हतं ते सोनं अंगावर होतं, आणि झोपतानाही त्या ते उतरवत नसत. जिचा स्वतःच्या उशीवर भरवसा नाही, ती बाई मोरीवर ठेवेल?

बातमीचे जनक खालच्या मजल्यावरचे सिताराम. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी त्यांच्या डोक्यावर आधी पहार वाजायची, मग काहीतरी जड आपटायचं आणि मग तासभर खरवडल्याचा आवाज. "साफसफाईच असेल तर आतून कडी कशाला?" असं ते जिन्यात भेटेल त्याला विचारत. प्रश्न आगाऊ होता, पण चुकीचा नव्हता.

कारण कडी खरंच लागायची. सोमवारी घरात मासळी शिजत नसे, म्हणून दुर्गाबाईंना सवड. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, धुण्याचा सोडा, नारळाची शेंडी आणि दात घासून टाकून दिलेला एक जुना ब्रश असा सरंजाम घेऊन त्या आत जात. बाहेर येत तेव्हा फरशीत तोंड दिसायचं, जाळीवरची साबणाची साय गेलेली असायची आणि कोपऱ्यातली काळी बुरशी शोधून सापडत नसे. फक्त ॲसिडला बंदी. "आशिट माज्या मोरीत नाय यायचा," एवढंच. प्लंबर आला तेव्हा त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून नळ दुरुस्त करवून घेतला. बिचाऱ्याचा हात पुरेना, तर बाईंनी पाना स्वतःच्या हातात घेतला. मीटर बघणारा, शिरगणतीवाला, साबण विकणारी पोरगी, जो कोणी आत डोकावेल त्याला एकच सवाल, "मोरीत काय बगतंस?"

सून मीना. लग्नाला चार वर्षं झाली होती. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला आली होती, पण धोंडा हलवायचा अधिकार काही आला नव्हता. सोन्याच्या बातमीला ती आधी हसायची. पुढे पुढे पहिल्या सोमवारी मोरीच्या दाराला कान लावून उभी राहायला लागली, आणि हसू गेलं. घरातल्या माणसापासून लपवण्यासारखं आहे तरी काय?

अशात नंदकुमारला, म्हणजे मीनाच्या नवऱ्याला, रबाळ्याच्या कारखान्यातल्या सोडतीत कपडे धुण्याचं मशीन लागलं. बिल्डिंगीतलं पहिलं. खोक्याला हात लावून बघायला चारही मजले येऊन गेले. मशीन ठेवायला जागा एकच, मोरी. आणि मोरीत धोंडा.

"आई, आता धोंड्याचं काय काम? देऊन टाकू कुणाला तरी," नंदकुमार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, तरी दुर्गाबाईंनी मोरीची कडी लावली.

समोरच्या दारातल्या सुचित्राचे डोळे चमकले. ही बाई दुसऱ्याच्या घरातलं दूध उतू जाण्याआधी ओळखायची. "मीना, गुरुवारी कधी ऐकलंस का खरवडणं? माल हलवतायत. लिहून घे."

"काहीतरीच काय!"

"बरं, मग काहीतरीच. मशीन बसवायचंय, मोरी घासायला हवीच ना? तुझ्या सासूबाई शिरवण्याला भावाकडे गेल्या की आपण दोघी घासू. ॲसिडची बाटली माझी."

रविवारी दुर्गाबाई शिरवण्याला भावाकडे गेल्या, नंदकुमारही पोचवायला गेला, आणि दोघींनी पदर खोचले. बादल्या, बांबूची काठी, पिळे घालायचं टोपलं, सगळं बाहेर काढलं. माळ्यावरच्या गोणपाटातून आखूड पहार निघाली. "बघ, हत्यार लपवलंय," सुचित्रा कुजबुजली. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी कुजबुजली.

धोंडा लांबट, एका टोकाला निमुळता. कण्हत कुथत दोघींनी तो उलटा केला. खाली दोन शर्टांची बटणं, एक केसांचा आकडा आणि गिळगिळीत चिखल. सोनं नाही. सुचित्रानं काठीनं चिखल ढवळून दुसऱ्यांदा खात्री केली.

"काढून नेलं गं त्यांनी गुरुवारी!" असं म्हणत तिनं रागारागानं उपड्या धोंड्यावरच बाटली रिकामी केली. फसफस झाली, डोळ्यांना पाणी आलं. मीनानं खराटा फिरवला आणि थांबली. दगडात काहीतरी कोरलेलं होतं. वर एक बाण, खाली चार आकडे. मीनाचे वडील तलाठी कचेरीत शिपाई होते. असले सरकारी मोजणीचे दगड तिनं लहानपणी शेतांच्या बांधांवर पाहिले होते. पण बांधावरचा दगड मोरीत, आणि तोंड खाली करून?

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. भाऊ घरी नव्हता, म्हणून दुर्गाबाई आणि नंदकुमार लवकर परतले होते. दुर्गाबाईंनी दारातूनच वास घेतला आणि हातातली पिशवी टाकली.

"आशिट वतलाव? आकडा खाल्ला का?"

त्या ओल्या फरशीवर बसल्या. अक्षरओळख नव्हती. बोट खाचेतून फिरवत गेल्या, एकेक वळण, चारही आकडे. मग म्हणाल्या, "हाय. हाय सगला."

मीनाला त्यांचा आवाज असा कधी ऐकू आला नव्हता. "आई, हा कुठला?"

"आपल्या शेताचा. नव्या शहरासाठी सरकार जमिनी घेनार, मोजनीवाले येनार बोलले, तवा तुजा सासरा नि मी, दोगांनी उपटून आनला. वाटला, धोंडाच नाय त मोजतील कशी?"

"मोजणी नकाशावरून होते, आई," नंदकुमार हळूच म्हणाला. त्यालाही हे आजच कळत होतं.

"आता ठावं हाय. तवा कोनाला ठावं व्हतं? शेत गेला त गेला. ह्यो ऱ्हायला. शेताचा येवराच ऱ्हायला. धोंडा सरकारी, कोनी बगला त धोंडा पन नेतील न मना पन." मग ब्रशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आकड्यात साबन भरतो, म्हनून घासतंय. आशिटानं दगड खाल्ला त मंग माज्याकरं काय ऱ्हायला?"

नंदकुमार मशीनच्या खोक्याकडे बघत राहिला. मीनानं नवऱ्याला विचारलंही नाही. "मशीन गॅलरीत जाईल. पावसाळ्यात वर प्लास्टिक टाकू," ती म्हणाली, आणि तांब्या तांब्यानं पाणी ओतून आकड्यांतलं ॲसिड धुवायला लागली. सासूनं ब्रश तिच्या हातात दिला. चार वर्षांत पहिल्यांदा.

सुचित्राच्या पदरात मात्र काहीच पडलं नव्हतं. सोनं नाही, चोरी तरी असावी! "पण मावशी, काही म्हणा, सरकारी दगड कुणाला न विचारता उचलून आणला, म्हणजे..."

दुर्गाबाईंनी तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"शेत नेला तवा त्यांनी माजा आंगठा घेतला. ह्या येका धोंड्यासाठी मी कोनाचा आंगठा घ्याचा व्हता?"