मशीन बंद करायची खूण

"बाई, ओरडू नका. हा भाजीबाजार नाही."

सुनावणी घेणारे साहेब माइकवरून बोलले. स्टेजवरचे हसले. त्यायले पाहून खाली खुर्च्यांवर बसलेलेबी हसले. माझ्या हातातला माइक हातातच राहिला. मी ओरडून नव्हती राहिली. माझा आवाजच तसा आहे.

आता हे त्यायले कोण सांगंल? मी सूतगिरणीत काम केलेली बाई. हिंगण्याच्या बाजूले, आमच्या वस्तीच्या भिंतीले लागूनच गिरणी होती. आतमधी मशीनीचा असा गोंगाट, का शेजारणीच्या कानात तोंड घातलं तरी अर्धंच कळे. माझी सारी जवानी तिथं गेली. कान गेले अन् आवाज मोठा झाला. आजबी घरी नुसतं "जेवायले या" म्हटलं, तरी शेजारीण इचारते, काहून भांडून राहिली वं?

म्हणून शेडमधी आम्ही हातानं बोलत होतो. सूत तुटलं त्याची एक खूण. पाणी पाहिजे त्याची एक. सुपरवायझर येऊन राहिला तर मिशीवरून बोट. अन् सगळ्यात मोठी खूण म्हणजे मशीन बंद. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मनगटावर मनगट ठेवायचं. एकीनं केली का जिले दिसंल तिनं करायची, लाइनीच्या टोकाचा स्विचवाला पाहीपर्यंत. काहून, म्हणून इचारायचं नाही. मशीन थांबल्याबिगर हात खाली आणायचे नाहीत. वत्सला माझ्या शेजारच्या मशीनवर होती. तिचा पदर एकदा रोलरमधी गेला, तवा पहिले हात मी वर केले होते. तिच्या गळ्यावर अजून वण आहे, पण बाई जित्ती आहे.

ज्या जमिनीवर थे गिरणी होती, थे माझ्या सासऱ्याचं संत्र्याचं वावर. आणखीबी कितीक लोकायचं. कारखाना येईल, पोराबाळायले घराजवळ काम भेटंल, असं मोठ्या लोकायनं येऊन सांगतलं, म्हणून त्यायनं दिलं. अन् काम भेटलं, खोटं काहून बोलू. मले भेटलं, माझ्या नवऱ्याले भेटलं. मंग गिरणी बंद पडली. नवरा तवापासून रोज गेटासमोरच्या पानठेल्यावर जाऊन बसे. म्हणे, रस्ता आहे, लाइट आहे, आज ना उद्या दुसरा कारखाना येतेच. बसून बसूनच गेला बिचारा. शेवटी दवाखान्यातबी तेच इचारे, गेट उघडलं का वं? मी "हौ" म्हटलं. काय म्हणू मंग?

पोट्टी आमची, माझी लेक, आयटीआय शिकली. फिटर आहे. कंपनीच्या बसनं दूर बुटीबोरीच्या कारखान्यात जाते. अंधारात निघते, अंधारात येते. ताटावर बसल्या बसल्या डुलक्या देते. तिचं तोंड मले उजेडात दिसते थे फक्त सुटीच्या दिवशी.

अन् आता त्या जागेवर फ्लॅट. गेटावर भल्ला मोठा बोर्ड लागला, त्याच्यावर एक गोरी बाई अन् तिचा कुत्रा. जागा कारखान्याची आहे, थे बदलून घरायसाठी करायची, कोणाची हरकत असंल तर सांगा, अशी सरकारी नोटीस निघाली. आम्ही हरकत दिली. त्याच्याच सुनावणीले आम्ही गिरणीतल्या बाया त्या हॉलात आलो होतो, ठेवणीतल्या साड्या नेसून. पोट्टीनं माझ्यासाठी सुटी टाकली होती.

मी आवाज लहान करून पाहिला. नाही जमला बाप्पा. म्हटलं, "साहेब, घरं नकोत असं आम्ही नाही म्हणत. आम्हीबी सारे एकाच खोलीत निजतो. घरं बांधा, दुसरीकडं पडीक जागा ढीगभर आहे. पण जिथं कारखान्यासाठी रस्ता आला, लाइन आली, तिथं कारखानाच येऊ द्या. कामाच्या नावानं जमीन घेतली होती तुम्ही."

तवा बिल्डरचा माणूस उठला. पांढरा शर्ट, गोड आवाज. म्हणाला, "मावशी, कामाचं टेन्शन तुम्ही घेऊच नका. एवढे फ्लॅट येतायत, प्रत्येक घरात धुणंभांडं असणारच. तुम्हा सगळ्यांना घराजवळच काम!" मंग माझ्या पोट्टीकडं पाहून म्हणे, "या ताईंनासुद्धा."

हॉल हसून हसून लोळला. तिथं फ्लॅट पाहून ठेवलेले धरमपेठेतले एक काका पहिल्या रांगेत बसले होते. त्यायनं तर टाळी वाजवली.

धुण्याभांड्याची मले लाज नाही. माझी माय तेच करत होती. दुसऱ्याच्या मोरीत बसून बसून तिच्या बोटायच्या चिरा कधी भरल्या नाहीत. मी गिरणीत लागली तवा तिनं सगळ्या मोहल्ल्यात साखर वाटली होती. म्हणे, माह्या पोरीले मशीन भेटली. अन् हा माणूस माझ्या पोरीले उचलून पुन्हा त्याच मोरीपाशी नेऊन बसवून राहिला, अन् वरून म्हणते टेन्शन घेऊ नका.

पोट्टी खाली पाहून राहिली होती. अंगात सुटी असूनबी मुद्दाम घातलेला कंपनीचा शर्ट, खिशावर तिचं नाव शिवलेलं. थे नाव तिनं हातानं झाकलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यावर हसले थे मी गिळलं असतं. जल्मभर गिळलंच. पण तिनं आपलं नाव झाकलं, थे मले पाहवलं नाही.

मी बोलायले गेली तर माइक बंद. टेबलावरच्या बाबूनं बटन दाबलं होतं. "पुढचं नाव," तो म्हणाला. आयुष्यभर ज्या आवाजानं मले बोलणी खाऊ घातली, तो आवाजच निघंना. मागं वळून पाहिलं. मागच्या भिंतीपाशी वत्सला उभी. तिनं हातानं इचारलं, काय झालं?

मी माइक खाली ठेवला. दोन्ही हात डोक्यावर नेले. मनगटावर मनगट.

वत्सलानं एका पळाची देर केली नाही. तिनं हात वर केले. मंग तिच्या बाजूचीनं. मंग खिडकीपाशी बसलेल्या तिघीचौघींनं. कोणी इचारलं नाही काहून. मायबाई, एवढ्या सालानंतरबी एकीचेबी हात चुकले नाहीत.

"हे काय चाललंय? हात खाली घ्या," साहेब म्हणाले.

हात खाली आले नाहीत. हसणं बंद झालं. पोट्टीले खूण ठाऊक होती, लहानपणी अंगणात थे गिरणी-गिरणी खेळे. तिनं नावावरचा हात काढला अन् दोन्ही हात वर नेले. मंग मी रडली. हात वरच होते, डोळे पुसायलेबी खाली आणले नाहीत.

शेवटी साहेबायनं "पुढची तारीख कळवू" म्हटलं अन् उठून गेले. आम्ही जितलो असं कोणी समजू नये. बोर्ड अजून तिथंच आहे. गोरी बाई हसून राहिली आहे. आमची हरकत उद्या कचऱ्यातबी जाईल, मले समजते. नवऱ्यासारखी मी गेटासमोर वाट पाहत बसणार नाही.

ज्या दिवशी खोदायची मशीन त्या गेटापाशी येईल, त्या दिवशी मी तिच्यासमोर उभी राहीन, हात डोक्यावर नेऊन. डायवरले खूण समजणार नाही. नको समजू. माझ्या मागं उभ्या असलेल्या बायायले समजते. अन् मशीन बंद झाल्याबिगर आम्ही हात खाली आणत नाही.